सीझनच्या सुरुवातीच्या छोट्या शर्यतींचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये राहता, नोकरी सांभाळून सराव करता, यंदा गोव्याची आयर्नमन ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग असलेली ट्रायथलॉन, करायची आहे. मग पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ड्युएथलॉन (धावणं-सायकल-धावणं), स्प्रिंट (कमी अंतराची ट्रायथलॉन) अशा छोट्या शर्यतींत उतरावं, की ते रविवार लांब सायकलिंगला द्यावेत?

उतरा. दोन-तीन शर्यती निवडा, त्यांच्यासाठी आधी वेगळी विश्रांती घेऊ नका आणि प्रत्येक शर्यतीला एकच प्रश्न घेऊन जा. मीही सातपूरला शिफ्टची नोकरी करत हाच खेळ खेळतो. माझ्या सरावाला वळण लावलं ते या लहान शर्यतींनीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. आपण सराव करतो तो तिन्हींचा वेगवेगळा. मंगळवारी सावरकर जलतरण तलावावर पोहतो, गुरुवारी गोल्फ क्लबवर धावतो, रविवारी सायकल काढतो. तिन्ही छान सुधारतात. पण एकातून दुसऱ्यात जाताना शरीर काय करतं हे या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही, आणि पहिलीच शर्यत करणाऱ्याची गाडी बहुतेक तिथेच अडते. घरच्या घरी ब्रिक करता येते, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावायचं. ती कराच. पण ब्रिकमध्ये आजूबाजूला दोनशे माणसं नसतात.

पोहण्याचंच बघा. तलावात तळाशी काळी रेघ असते, लेन ठरलेली असते, ठरावीक अंतरावर भिंत येते आणि वळताना दम खायला क्षणभर मिळतो. शर्यतीत शिट्टी वाजली की पहिले शंभर-दोनशे मीटर नुसता फेस दिसतो. कुणाचा तरी हात पोटरीवर पडतो, कुणाची टाच गॉगलला लागते, श्वास घ्यायला तोंड वळवावं तर नेमकी त्याच बाजूने लाट येते. अशा वेळी चांगला पोहणारा माणूसही श्वास आत धरून ठेवतो, पाण्यात सोडत नाही. छाती भरलेलीच राहते, पुढचा श्वास अर्धवट येतो आणि आपल्याला पोहता येत नाही असंच वाटायला लागतं. उपाय साधा आहे: तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचे, पहिली दोन-तीन मिनिटं मुद्दाम हळू जायचं, कडेने सुरुवात करायची. हे सगळं मलाही वाचून माहीत होतं. पण गर्दीत ते आपोआप व्हायला हवं, आणि त्यासाठी गर्दीत उतरावंच लागतं.

इथे नाशिककरांची एक अडचण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होतो, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी चढलं यावर गावभर बोलणं चालतं. त्या दिवसांत नदीत किंवा धरणात सरावाला उतरण्याचा विचारही मनात आणू नका. एरवीसुद्धा परवानगी, सोबत होडी आणि कमरेला बांधलेला फुगा असल्याशिवाय उघड्या पाण्यात जाऊ नये. कितीही तयारीचा पोहणारा असो, एकट्याने तर कधीच नाही. म्हणून पावसाळ्यात ड्युएथलॉन करा. स्प्रिंट ड्युएथलॉनचं नेहमीचं अंतर ५ किलोमीटर धावणं, २० किलोमीटर सायकल आणि पुन्हा २.५ किलोमीटर धावणं. उघड्या पाण्यातली शर्यत पाऊस ओसरल्यावर ठेवा, म्हणजे गोव्याच्या तारखेच्या महिनाभर आधी. कोल्हापूरला राजाराम तलावावर ट्रायथलॉन होतात. असं शांत पाणी पहिल्या अनुभवाला फार चांगलं. तोवर जलतरण तलावातच चौघांनी एका लेनमध्ये एकदम सुटायचं. आमच्या गटात हे सुरू केलं तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले होते. आता तेच सगळ्यात आवडतं सेशन झालंय. त्यातच साइटिंगही घटवून घ्या: दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघायचं, डोकं उचलायचं नाही. डोकं वर गेलं की पाय खाली जातात.

आता ट्रान्झिशन, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचा टप्पा. वाचताना हा भाग किरकोळ वाटतो. पाण्यातून बाहेर येता, ठोके वाढलेले असतात, बोटं पाण्याने सुरकुतलेली असतात आणि त्याच बोटांनी हेल्मेटचं बक्कल लावायचं असतं. नियम असा की बक्कल लागल्याशिवाय सायकल रॅकवरून काढायची नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकला लागेपर्यंत ते सोडायचं नाही. सायकलवर बसायचं ते आखलेल्या रेघेच्या पलीकडे गेल्यावरच. मार्शल शेजारीच उभा असतो. ओल्या पायांत मोजे चढत नाहीत, नंबरचा पट्टा हेल्मेटखाली दबलेला असतो, आणि सगळ्या सायकली एकसारख्या दिसायला लागतात. आपली रांग झाड, खांब, गेट अशी खूण धरून आधीच पायी चालून पाठ करावी लागते. घड्याळात यात दोन-तीन मिनिटंच जातात, पण त्या वेळात माणूस गडबडला की पुढचे पाच किलोमीटर सायकल तो त्या गडबडीतच मारतो. छोट्या शर्यतीचा हा सगळ्यात मोठा फायदा असं माझं मत आहे. ही सवय घरच्या अंगणात हेल्मेट घालून-काढून पुरती लागत नाही.

सायकलबद्दल आपल्या गावात वेगळं सांगायला नको. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी सुमारे ४८०० किलोमीटरची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, तेव्हापासून इथे पहाटे रस्त्यावर सायकली दिसणं नेहमीचं झालंय. त्यामुळे नाशिकचे ट्रायथलीट सायकलवर तगडे असतात आणि तिथेच जास्त खर्च करून बसतात. त्र्यंबक रोडवर सराव करत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्र्यंबक आपल्यापेक्षा शंभरेक मीटर उंच आहे आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. जाताना चढ आणि समोरचा वारा, येताना उतार आणि पाठीवर वारा. परतीचा वेग बघून आपण फार तयारीत आहोत असा समज होतो. सपाट रस्त्यावरच्या, वळसा घालून येणाऱ्या शर्यतीत तो समज लगेच उतरतो. (श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, आणि आदल्या रविवारीही त्या रस्त्याला जाऊच नका. गिरणारेकडे वळा.)

गोव्यात दुसऱ्याच्या मागे लपून सायकल चालवता येत नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, आत शिरलात तर २५ सेकंदांत पुढे निघून जावं लागतं, नाहीतर वेळेची शिक्षा. आपण रविवारी घोळक्यात चाकाला चाक लावून जाणारी माणसं. एकट्याने, वारा अंगावर घेत, एकाच जोराने तासभर पायडल मारणं हे वेगळं काम आहे आणि शर्यतीत ते नीट तपासता येतं.

मग उतरून धावायचं. पहिला किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत, मांड्या लाकडासारख्या. आणि गंमत म्हणजे घड्याळ सांगत असतं की तुम्ही नेहमीपेक्षा वेगात पळताय! तासभर तीसच्या वेगाने आल्यावर धावण्याचा वेग कळतच नाही, सगळं संथ वाटतं. पहिला किलोमीटर जपून घेणारा माणूस शेवटी पुढे असतो. हे मी दरवेळी लोकांना सांगतो आणि शर्यतीत उतरून स्वतः अनुभवल्याशिवाय कुणीही ऐकत नाही.

याची किंमत काय? तुम्ही म्हणता तसा सराव बिघडतो का? शर्यतीमुळे फारसा बिघडत नाही. बिघडतो तो तिच्या आगेमागे केलेल्या लाडांमुळे. गुरुवारपासून विश्रांती, रविवारी शर्यत, मग बुधवारपर्यंत थकवा, असं केलं तर एका स्प्रिंटसाठी आठवडा गेला. असे तीन आठवडे गेले की सरावाचा पाया कच्चा राहतो. म्हणून छोट्या शर्यतीला टॅपर, म्हणजे आधी सराव कमी करणं, करायचाच नाही. शुक्रवारपर्यंत नेहमीचा सराव, शनिवारी हलकं काहीतरी, रविवारी शर्यत, सोमवारी पूर्ण सुट्टी, मंगळवारी पोहणं. थकलेल्या पायांनी उतरलात तर वेळ वाईट येईल. येऊ द्या. त्या वेळेवरून तुमच्या तयारीबद्दल काही सांगताच येत नाही, आणि थकलेल्या पायांवर धावणं हाच तर २१ किलोमीटरचा अभ्यास आहे.

सगळ्या शर्यतींची किंमत सारखी नसते, हे मात्र नीट बघा. पोहण्याची शर्यत सगळ्यात स्वस्त, दुसऱ्या दिवशी माणूस ताजा असतो. सायकल मध्यम. धावणं महाग, कारण प्रत्येक पावलाचा दणका स्नायूंना आणि सांध्यांना बसतो. सरावाची शर्यत म्हणून जीव तोडून हाफ मॅरेथॉन पळालात तर आठवडा-दीड आठवडा खरंच जातो. मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये जोरात हाफ मॅरेथॉन पळण्याचा मोह पूर्ण टाळा. मोसमाच्या सुरुवातीला पोटरी किंवा टाच दुखावून बसणारे बहुतेक जण या मोहाने बसतात, आणि त्यांच्यासाठी मला मनापासून वाईट वाटतं. वर्षभराची पहाट वाया जाते.

एक प्रश्न घेऊन जायचं म्हणजे काय, तेही सांगतो. पहिल्या शर्यतीला फक्त एवढंच: सायकलवर जोर एकसारखा ठेवता येतो का? दुसरीला: खाणं पोटात राहतं का? या खाण्याच्या प्रश्नाला एक पूर्ण शर्यत द्यावीच. ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटाला पेलतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतील तर सराव झालेला माणूस ९० पर्यंत जातो. घरचा उपाय म्हणून आपल्याकडचे बेदाणे उत्तम, दोन्ही साखरा त्यात असतात. पण धाप लागलेली असताना बेदाणे चावणं जमत नाही हे शर्यतीतच कळतं. माझं ठरलंय: सायकलच्या पहिल्या भागात बेदाणे आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा, नंतर फक्त पातळ, म्हणजे बाटलीत साखर-मीठ-लिंबू किंवा जेल. स्प्रिंट तास-दीड तासात संपते, तिच्यात एवढ्या खाण्याची गरज नसते. तरी खाऊन बघा, कारण जोरात असताना पोट काय म्हणतं ते तिथेच समजतं.

आणि हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, पावसाळ्यात इथली सकाळ गार. गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पारा तिशीच्या पुढे जातो आणि दमटपणा इतका की घाम वाळतच नाही, म्हणजे अंग थंडच होत नाही. तिथलं समुद्राचं पाणीही वेटसूटची (अंग गरम ठेवणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाची) परवानगी मिळण्याइतकं गार नसतं. त्यामुळे इथल्या शर्यतीतला धावण्याचा वेग गोव्यासाठी गृहीत धरू नका. ठोके बघून पळायची सवय लावा. शक्य असेल तर सप्टेंबरची एखादी शर्यत कोकण-मुंबईच्या बाजूची निवडा, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी अकरानंतरची एक ब्रिक ठेवा, पाणी आणि मीठ बरोबर घेऊन, ओळखीच्या रस्त्यावर, कुणाला तरी सांगून.

निकालाचं काय करायचं? वयोगटात नंबर आला तर पदक घ्या, आनंद करा, घरी दाखवा. माझ्या आईला अंतरं कळत नाहीत, पण पदक देवापाशी ठेवते. मग त्याच दिवशी दुपारी, झोपायच्या आधी, आपल्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा: कुठे श्वास तुटला, कोणत्या किलोमीटरला पाय सुटले, काय खाल्लं आणि ते कुठे टोचलं. सोमवारपर्यंत हे सगळं पुसट होतं, आठवतो फक्त नंबर.

तुमच्यासाठी माझी आखणी अशी: जुलैत एक ड्युएथलॉन, तीही मिळाली नाही तर मित्रांनी मिळून गंगापूर रोडला पहाटे लावलेली चालेल. ऑगस्टअखेर स्प्रिंट किंवा दुसरी ड्युएथलॉन, खाण्याचा प्रश्न घेऊन. गोव्याच्या चार-पाच आठवडे आधी उघड्या पाण्यातली ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर, गोव्यात वापरणार तेच बूट, तोच ट्रायसूट (तिन्हींत चालणारा पोशाख), त्याच बाटल्या घेऊन. त्यानंतर शर्यत नाही, कितीही मित्रांनी आग्रह केला तरी. उरलेल्या रविवारांत दोन लांब ब्रिक होतात, आणि त्या चुकवू नयेत.