सिटी व्हीटेक मिसिंग करते? आधी डिस्ट्रिब्यूटर बघ
भावा, तुझी गाडी चढाला मिसिंग करते, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही आणि गाडी झटके देते, म्हणून लगेच कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन इंजिन खोलायला लावू नकोस. जुन्या होंडा सिटी व्हीटेकला सिलिंडरागणिक वेगळी कॉइल नसते, ठिणगीचा सगळा करंट डिस्ट्रिब्यूटरमधून, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागातून जातो. पन्हाळ्याच्या चढाला मिसिंग, त्यात पावसाळ्यात जास्त, म्हणजे माझा पहिला संशय डिस्ट्रिब्यूटरची कॅप (झाकण), आत फिरणारा रोटर आणि प्लग वायरींवर. रात्री अंधारात बॉनेट उघड, गाडी चालू ठेव आणि वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मार. निळ्या ठिणग्या नाचल्या की चोर सापडला, करंट तिथूनच बाहेर पळतोय. हात मात्र लांब!

प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय? टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) सीलं गेलीत.

हे सगळं ठीक निघालं, तर आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून अॅक्सिलरेटर न दाबता, एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून बघ. ज्याचा काढून आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही. तिथलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घे. इंजेक्टर क्लीनिंगला पैसे आत्ताच घालू नकोस.