विचारा, सांगतो : केळ, तापी आणि बारा पंचवीसचं ऊन

प्रश्न (चोपडा) : मुलीच्या चाचणीत 'केळीचे झाड' चूक धरलं. आमच्या शेतात केळीच केळी आहे. मग ते झाड नाही तर काय?

उत्तर : ताई, बोलताना झाड म्हणायला काहीच हरकत नाही, आपण सगळेच म्हणतो. प्रश्न वनस्पतिशास्त्राचा असेल तर मात्र केळ हे झाड नव्हे, ते अवाढव्य वाढलेलं शाकीय रोप. घड उतरवल्यावर तोडलेलं खोड आडवं कापून मुलीला दाखवा. आत लाकूड नाही, वर्षागणिक पडणारी वलयं नाहीत. एकावर एक घट्ट गुंडाळलेले पानांचे देठ तेवढे दिसतील. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याचा कोंब या गुंडाळीच्या मधून वर सरकतो आणि शेंड्याला केळफूल बाहेर पडतं. एका खोडाला घड एकदाच. पुढचं पीक कंदाला फुटलेल्या पिलावर येतं, म्हणून तर आपल्याकडे पिलबाग धरतात. मी भूगोलाचा मास्तर, पण यावलच्या एका शेतातून असा तुकडा वर्गात नेत असे. मुलं एकेक पदर सोलत बसायची आणि तास संपला तरी उठायची नाहीत.

आणखी एक. फळात मधोमध दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजं. रानकेळीत दाताखाली येणाऱ्या टणक बिया असतात. आपल्या लागवडीच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे बी धरतच नाही.

प्रश्न (फैजपूर) : आमच्या गावचं काँग्रेस अधिवेशन देशात पहिलं होतं का?

उत्तर : देशातलं पहिलं 1885 साली मुंबईत. पण खेड्यात भरलेलं पहिलं तुमचंच : डिसेंबर 1936, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. स्पर्धा परीक्षेत हे विचारतातच, पण फैजपूरच्या पोराला ते परीक्षेशिवायही ठाऊक असावं.

प्रश्न (भुसावळ) : गोदावरी पूर्वेला जाते, मग तापी पश्चिमेला का?

उत्तर : दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे, म्हणून गोदावरी, कृष्णा तिकडे गेल्या. तापीचा मार्ग मात्र खचदरीतून जातो : भेगांच्या मधली जमीन खाली बसली आणि नदीला पश्चिमेची वाट मिळाली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम, चांगदेवला पूर्णा मिळते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्र.

प्रश्न (जळगाव) : शून्य सावलीच्या दिवशी बरोबर बाराला गच्चीवर उभा राहिलो. सावली होतीच! माहिती चुकीची होती का?

उत्तर : शून्य सावली म्हणजे भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पायाखाली नाहीशी होते तो क्षण. दिवस बरोबर होता, घड्याळाचे बारा हे तुमच्या गावचे बारा नव्हेत. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळची. जळगाव साडेपंच्याहत्तर अंशांवर, म्हणजे सात अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून सूर्य आपल्याकडे अठ्ठावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेअखेरीस सूर्य सरासरी वेळेच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. जळगावला बारा पंचवीस, नंदुरबारला जवळजवळ साडेबारा.

हा योग खानदेशात वर्षातून दोनदा येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास. जुलैत बहुधा ढग आडवे येतात. मधल्या काळात भरदुपारची सावली उत्तरेला पडायची ती दक्षिणेला पडते, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. दिल्लीकरांना तर शून्य सावली कधीच मिळत नाही, ते कर्कवृत्ताच्या उत्तरेला.

शंकूच्या, म्हणजे सरळ उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीवरून वेळ आणि अक्षांश काढण्याचं गणित भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त आहे, ग्रंथ 1150 चा. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात सापडला. हे गणित आपल्या घरचं आहे, ते करून पाहा. पुढच्या मेमध्ये स्वतः उभं राहण्यापेक्षा पाण्याच्या पाइपाचा सरळ तुकडा ओळंब्याने उभा करा, फरशी सपाट असू द्या आणि बारा वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली किती वाजता पडली, ते गावाच्या नावासह मला कळवा.