मेळघाटात रुजू होताय? आधी कोरकू ऐका

सर, धारणी तालुक्यात पहिलीचा वर्ग मिळालाय म्हणता, तर पहिला महिना पुस्तकामागे धावू नका. पोरं घरी कोरकू बोलतात. ही भाषा मुंडा कुळातली, संथालीची नातलग. कागदावर तुमचं माध्यम मराठी, पण पोरांना ती परकीच.

सगळ्यात जास्त चुका दिसतील लिंगाच्या. 'आई आला', 'गाय पाणी पिला'. डोकं कमी म्हणून नाही हो! कोरकूत भेद सजीव-निर्जीवाचा, स्त्री-पुरुषाचा नव्हे. शिवाय वचनं तीन. संस्कृतातलं द्विवचन आपण घोकून घोकून पाठ केलं, इथलं पोर आपल्या बोलीत ते सहज वापरतं. तेव्हा वहीवर लाल शाई नको. त्याचंच वाक्य नीट करून परत म्हणा, पुरे.

गणितात भाषा आड येते. तोंडी उत्तर न देणारी मुलगी चिंचोके मांडून बेरीज करते का, ते बघा. मी पहिल्या वर्षी अशा दोघींना 'कच्च्या' ठरवलं होतं. अजून खुपतं.

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, हे कलम ३५०क १९५६ पासून घटनेत आहे. पण वरून काही येईल म्हणून थांबू नका. अंगणवाडीतल्या ताई गावातल्या असतील तर त्यांना रोज दहा शब्द विचारा, देवनागरीत उतरवून घ्या.

आणि होळीला घरी पळू नका. कोरकूंचा तो मोठा सण, पालक मोकळेपणी बोलतील ते तेव्हाच.