फ्रीजरमधला उंदीर सापाला द्यायच्या आधी नीट कसा वितळवायचा, मायक्रोवेव्ह चालेल का?

मायक्रोवेव्ह अजिबात नको, हे आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय की फ्रीजरमधून काढलेल्या उंदरावर दोनदा उकळतं पाणी ओतलं, दोन्ही वेळा त्याचं पोट फुटलं, वास सुटला आणि बॉल पायथनने तोंड फिरवलं, म्हणून आता मायक्रोवेव्ह करून बघू का. अहो जे उकळत्या पाण्याने झालं तेच मायक्रोवेव्हमध्ये अजून वाईट होतं. तो सगळीकडे सारखा गरम करत नाही, एकीकडे मांस शिजायला लागतं आणि दुसरीकडे बर्फ तसाच राहतो, आत वाफ कोंडून पोट फुटतं ते वेगळंच. आणि त्याच मायक्रोवेव्हमध्ये घरातल्यांचं जेवण गरम होणार असेल तर तो विचारच सोडा.

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, माझ्याकडे सात वर्षांपासून एक कॉर्न स्नेक आहे आणि नंतर एक बॉल पायथन आला. या सात वर्षांत मला सगळ्यात महागात पडलेली चूक वितळवण्याचीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जानेवारीचे दिवस होते, निफाडला पारा खाली गेला की आपल्याकडेही रात्री चांगलंच गारठतं तुम्हाला माहितीच आहे. कामावरून उशिरा आलो, साप खायचा दिवस होता, मी फ्रीजरमधून उंदीर काढला आणि अर्धा तास गरम पाण्यात ठेवला. वरून छान मऊ लागला, केस ओले, पाय लवचिक, मला वाटलं झालं. कॉर्नने पण लगेच घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी टँकजवळ गेलो तर आधी वासच आला, सडका आणि आंबट असा एकत्र, आणि कोपऱ्यात तो उंदीर पडलेला, तोंडाकडचा भाग विरघळून केस गेलेले आणि मागचा भाग जवळजवळ जसाच्या तसा. साप दुसऱ्या कोपऱ्यात वेटोळं करून बसलेला, मान ताठ. मी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, आतपर्यंत वितळला होता का आणि रात्री टँक गरम होता का. मी पोट दाबून बघितलंच नव्हतं, आणि त्या रात्री आमच्याकडे लाईट गेले होते, हीटिंग मॅट बंद पडली होती. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं, पोटात गार गोळा आणि बाहेरही गारठा असेल तर खाल्लेलं पचायच्या आधी सडायला लागतं आणि साप ते बाहेर टाकतो. वर येताना पोटातलं आम्ल अन्ननलिका भाजत येतं. त्यामुळे ओकल्यावर लगेच परत खायला द्यायचं नाही. आम्ही दोन आठवडे फक्त पाणी ठेवलं आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर दिला. ते दोन आठवडे मी रोज सकाळी उठल्या उठल्या टँक बघायचो.

आता मी कसं करतो ते सांगतो. आदल्या रात्री उंदीर झिपलॉक पिशवीत, हवा काढून, आणि ती पिशवी एका झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो, फ्रीजरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये. २०-२५ ग्रॅमचा उंदीर रात्रभरात वितळतो, मोठा रॅट असेल तर पूर्ण दिवस धरा. असं हळू वितळलं की मांस एकसारखं सुटतं आणि ते सगळा वेळ थंडच असल्यामुळे जंतू फार वाढत नाहीत. ओट्यावर दिवसभर ठेवून देऊ नका, एप्रिल-मे मध्ये तर नाहीच. उंदीर सगळ्यात आधी पोटात खराब होतो, कारण आतडी आतच असतात, म्हणून पोट हिरवट दिसलं किंवा हात लावल्यावर पोटाचे केस सुटून आले तर तो सरळ फेकायचा, पैसे गेले तरी चालतील.

संध्याकाळी द्यायच्या आधी तोच पिशवीतला उंदीर ऊन पाण्यात ठेवायचा. पाणी कढत नको, आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरा जास्त, म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल पण फार वेळ नाही इतपत. दहा मिनिटांनी पाणी बदलायचं, असं दोन-तीनदा. मग पिशवीवरूनच अंगठा आणि तर्जनीत पोट धरून हळूच दाबायचं, आधी बरगड्यांच्या खाली, मग मागच्या पायांच्या मधे. सगळं सारखं मऊ लागलं पाहिजे. मधे सुपारीएवढं जरी काही कडक लागलं ना तर तो बर्फ आहे, परत पाण्यात. माझ्या त्या जानेवारीच्या उंदरात नक्की हीच सुपारी राहिली असणार.

पिंकीला, म्हणजे केस न आलेल्या उंदराच्या नवजात पिल्लाला, मात्र एवढं लागत नाही. ती इवलीशी असते, पिशवीत घालून साध्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की झाली, जास्त गरम केली तर तिची कातडी लगेच फाटते.

तुमच्या सापाने तोंड फिरवलं त्याचं कारण बहुतेक उष्णता असणार. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचांची एक रांग दिसते बघा, त्या खाचांनी त्याला समोरच्या शरीराची ऊब कळते. कॉर्नला त्या नसतात, तो वासावर चालतो, म्हणून माझा कॉर्न जरा गार उंदीर पण घेतो पण पायथन नाही घेत. उंदराचं अंग बाहेरून ३८-४० अंशांपर्यंत असलं की त्याला ते जिवंत भक्ष्यासारखं वाटतं. कपाळाला लावतात ती टेम्परेचर गन असेल तर तिने अंदाज येतो, नसेल तर हाताच्या मनगटाला स्पष्ट ऊबदार लागला पाहिजे. मी शेवटी पिशवीतून काढून टिश्यूने कोरडा करतो आणि फक्त डोकं हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करतो, म्हणजे साप डोक्याकडूनच धरतो आणि गिळायला सोपं जातं. मग लांब चिमट्याने उंदराला कमरेपाशी धरून सापाच्या समोर, थेट तोंडावर नाही, एका बाजूने हळूहळू हलवायचा. खोलीतले लाईट कमी करा, टीव्ही बंद, लहान मुलं लांब. झडप इतकी पटकन बसते की हाताने देण्याच्या फंदात पडूच नका.

एवढं करूनही नाही घेतला तर घाबरू नका. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले असतील तर बरेच साप खात नाहीत, आणि बॉल पायथन थंडीत महिना-दोन महिने उपाशी राहतो, मोठा निरोगी असेल तर काही होत नाही. दर आठवड्याला किचनच्या नाही, वेगळ्या वजनकाट्यावर वजन करा, ते टिकून असेल तर थांबा, उतरत गेलं तर डॉक्टर. न खाल्लेला उंदीर रात्रभर टँकमध्ये ठेवू नका, आणि परत फ्रीजर मध्ये तर नाहीच नाही, एकदा वितळला की द्यायचा नाहीतर टाकायचा.

घरच्यांचं पण सांगतो कारण नाशिकमध्ये बहुतेकांची अडचण तीच असते. आमच्या घरी देवघर स्वयंपाकघराला लागून आहे, आईला फ्रीजमध्ये उंदीर हे चालणारच नव्हतं आणि तिचं बरोबरच होतं. फ्रीजर मध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मरत नाही, नुसता झोपतो, वितळलं की परत उठतो. मी जुना एकदारी फ्रीज घेऊन गॅलरीत ठेवला, वेगळा डबा, वेगळं पातेलं, वेगळी कात्री, आणि काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात. वेगळा फ्रीज जमत नसेल तर निदान डब्यात डबा करून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. फ्रीजरमध्ये पण सहा महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका आणि लाईट गेले की दार उघडू नका, बंद दारात मान्सूनच्या पावसातली दोन-तीन तासांची लोडशेडिंग आरामात निघते.

आणि कुणी म्हणालं की एवढं कशाला, सापळ्यातला घरचा उंदीर दे, तर ऐकू नका. त्याने शेजारच्या दुकानातलं उंदराचं औषध खाल्लेलं असू शकतं, ते त्याच्या पोटातून तुमच्या सापाच्या पोटात जाणार. जिवंत पाळीव उंदीरही सोडू नका, साप भुकेला नसेल तर तोच सापाला चावतो, मी एका पायथनच्या पाठीवरचा कुरतडलेला घाव बघितलाय आणि तो भरायला कितीतरी काती गेल्या.

एक कागदाचं काम राहिलं असेल तर करून घ्या. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. आपली धामण, दिवड, अजगर हे तर पाळायचे नाहीतच.

तुम्ही सापाचं वजन आणि टँकच्या गरम कोपऱ्याचं तापमान लिहिलं नाहीये. गरम बाजू ३१-३२ अंशांच्या आसपास आहे का ते आज रात्री थर्मामीटर लावून बघा, आणि पुढचा उंदीर आज रात्रीच खालच्या कप्प्यात ठेवा, उद्या संध्याकाळी द्या.