नावं निराळी, औषध एकच: वेदनाशामकांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या बहुतेक प्रश्नांत वाचकांनी गोळीचं दुकानातलं नाव लिहिलं आहे. इथे आम्ही ते काढून आतल्या औषधाचं नाव घातलं आहे. शरीराला कंपनी कळत नाही, घटक तेवढा कळतो.

प्रश्न: सर्दी-तापात मी सर्दीची गोळी घेते, ताप चढला की तापाची, आणि अंग फारच ठणकलं तर अंगदुखीची. तिन्ही वेगवेगळ्या कामाच्या आहेत, मग एकाच दिवशी घेतल्या तर बिघडतं का?

गोळ्या तीन आहेत, औषधं तीन असतीलच असं नाही. स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं एक औषध असतं, शिंका थांबवणारं एक असतं आणि त्यांच्या जोडीला ३२५ किंवा ५०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं. तापाची गोळी म्हणजे ५०० किंवा ६५० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या जोडगोळीत आयबुप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक, आणि पुन्हा ३२५ पॅरासिटामॉल.

आता दिवसाचा हिशेब मांडा. सर्दीची ५०० वाली तीनदा घेतली, १५०० झाले. तापाची ६५० वाली चारदा, २६००. अंगदुखीची दोनदा, ६५०. बेरीज ४७५०. धडधाकट, ५० किलोंहून जास्त वजनाच्या प्रौढ माणसाची २४ तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलीग्रॅम आहे. म्हणजे एकही गोळी सांगितल्यापेक्षा जास्त घेतली नाही आणि तरी मर्यादा ओलांडली गेली. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू घेण्याची सवय असेल किंवा आजारपणात दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नसेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. अशा वेळी डॉक्टर ती बहुधा २००० ते ३००० वर आणतात.

एवढं जपायचं कारण यकृत. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत निमूटपणे निकामी करून बाहेर टाकतं, पण थोड्या भागाचं विषारी द्रव्य बनतं. ते आवरायला यकृताकडे ग्लुटाथायॉनचा साठा असतो. मात्रा वाढली किंवा साठाच तुटपुंजा असला की हे द्रव्य यकृताच्या पेशींवर उलटतं. फसवं असं की पहिल्या दिवशी मळमळ किंवा थकवा यापलीकडे फारसं काही जाणवत नाही. कावीळ आणि पोटाच्या उजव्या बाजूचं दुखणं दिसतं ते दोन-तीन दिवसांनी. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. मात्रा जास्त झाल्याचं लक्षात आलं तर “त्रास होतोय का बघू” म्हणत थांबू नका, स्ट्रिपा घेऊन थेट रुग्णालयात जा.

आजारपणात एक कागद उशाशी ठेवा आणि त्यावर वेळ, घटक आणि मिलीग्रॅम एवढंच लिहा. बेरीज नेहमी मागच्या २४ तासांची करा. रात्री बारा वाजले म्हणून यकृताचा हिशेब शून्यावर येत नाही.

प्रश्न: दाढ ठणकते आहे. पॅरासिटामॉलने भागत नाही. सोबत आयबुप्रोफेन चालेल का?

चालेल, कारण या दोघांचे मार्ग वेगळे आहेत. दातदुखीला तर ही जोडी चांगलीच लागू पडते. प्रौढांसाठी आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलीग्रॅम, काहीतरी खाल्ल्यावर, दोन मात्रांत सहा ते आठ तासांचं अंतर ठेवून. डॉक्टरांना न विचारता दिवसाला १२०० च्या वर जाऊ नका. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, किंवा या गटाच्या औषधाने कधी दमा उसळला असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

आयबुप्रोफेनबरोबर डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन किंवा ॲसिक्लोफिनॅक मात्र घेऊ नका. ही एकाच घरातली भावंडं. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, जठराचं नुकसान मात्र वाढतं. गोळीला काम करायला अर्धा ते एक तास द्या. वीस मिनिटांत “काहीच फरक नाही” म्हणून दुसरी घेणं ही नेहमीची चूक. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारेही बरेच आहेत. त्याने दात शांत होत नाही, हिरडी तेवढी भाजून पांढरी पडते.

गाल सुजला, ताप आला किंवा तोंड नीट उघडेना, तर आत पू झाला असण्याचा संभव आहे. गोळीने ठणका दबतो, पू जागच्या जागीच राहतो. त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा.

प्रश्न: आईचं वय ६८. गुडघ्यांसाठी ती चार महिने डायक्लोफिनॅक ५० रोज दोनदा घेते, सोबत पित्ताची गोळी म्हणून ओमेप्राझोल. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची एकत्र गोळी आहे. हल्ली पाय सुजतात आणि रक्तदाबही वाढलेला दिसतो. पित्ताची गोळी चालू असल्यामुळे डायक्लोफिनॅक सुरक्षित आहे ना?

नाही. या महिन्याच्या टपालातला सर्वांत काळजीचा प्रश्न हाच आहे.

ओमेप्राझोल जठराचं आणि त्याला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं रक्षण करतं. पुढच्या आतड्याचं, मूत्रपिंडाचं आणि हृदयाचं नाही. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं (डायक्लोफिनॅक त्यांतलंच) प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. गुडघ्यात सूज आणि वेदना वाढवणारी ही प्रोस्टाग्लँडिनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडात रक्त आणणारी नळी मोकळी ठेवतात. गोळीला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं हे कळत नाही.

आईंच्या बाबतीत तीन औषधं एकाच ठिकाणी येऊन भिडली आहेत. मूत्रपिंडाची गाळणी म्हणजे एक टाकी समजा. डायक्लोफिनॅकने आत येणारा नळ बारीक झाला. टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी तोटी सैल झाली. हायड्रोक्लोरोथायाझाइडने मुळात पाणीच कमी केलं. टाकीत दाब उरत नाही, गाळणं मंदावतं आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ घटक, क्रिएटिनिन, रक्तात वाढू लागतो. त्यात जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळा आला की चार दिवसांतही मूत्रपिंड बसू शकतं. पायांवरची सूज आणि चढलेला रक्तदाब हे शरीरात मीठ-पाणी साठत असल्याचं लक्षण असू शकतं. म्हणजे एका गोळीने चढवलेला रक्तदाब दुसरी उतरवायला बघते आहे.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. डायक्लोफिनॅक थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतील. हिमोग्लोबिन अशासाठी की जठरातून थेंब-थेंब रक्त जात असेल तर दुखत नाही, फक्त रक्त उतरत जातं. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, लघवी कमी झाली किंवा दम लागू लागला, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते.)

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल यांचा विचार डॉक्टर करतील. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणं हे लांबच्या पल्ल्यात गोळीपेक्षा कामाचं. खुर्चीवर ताठ बसून एक पाय गुडघ्यात सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा, सावकाश खाली आणायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात फरक दिसणार नाही. सहा आठवडे नेटाने करा, मग ठरवा.

प्रश्न: वडिलांना हृदयाच्या झडपेसाठी नव्हे, स्टेंट बसवल्यामुळे ॲस्पिरिन ७५ चालू आहे. डोकं दुखलं की ते आयबुप्रोफेन घेतात.

पॅरासिटामॉल घ्यायला सांगा. आयबुप्रोफेन आधी पोहोचलं तर ते रक्त गोठवणाऱ्या चकत्यांवरची (प्लेटलेट) ॲस्पिरिनची जागा अडवून बसतं आणि ॲस्पिरिनचा रक्षक परिणाम वाया जातो. शिवाय दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि स्टेंट असलेल्या माणसाने आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकपासून तसंही लांब राहिलेलं बरं.

प्रश्न: मुलगी दोन वर्षांची, वजन १२ किलो. घरात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या जमल्या आहेत. किती मिलिलिटर द्यायचं?

मिलिलिटर आधी विचारू नका, मिलीग्रॅम आधी काढा. एका वेळची मात्रा दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. १५ धरली तर १२ किलोंना १८० मिलीग्रॅम.

आता बाटल्या बघा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलीग्रॅम असं लिहिलेल्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर द्यावं लागेल. ५ मिलिलिटरमध्ये २५० वालीतून ३.६ मिलिलिटर. आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलीग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतून फक्त १.८ मिलिलिटर. पहिल्या बाटलीचं माप लक्षात ठेवून कोणी थेंबांच्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर पाजलं, तर मुलीच्या पोटात एका घोटात ७५० मिलीग्रॅम जातील, म्हणजे तिच्या दिवसभराच्या मर्यादेहून जास्त. ही मर्यादा दर किलोला ६० मिलीग्रॅम, तिच्यासाठी ७२०, म्हणजे १८० च्या चार मात्रा. दोन मात्रांत निदान चार, शक्यतो सहा तासांचं अंतर. तीनपैकी दोन बाटल्या आजच बाद करा. उरलेलीवर तिचं माप ठळक लिहून ठेवा, आणि वजन वाढलं की बदला.

बाटली जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, न हलवता दिलं तर आज पाणी आणि शेवटच्या दिवशी सगळं औषध पोटात जातं. चमच्याऐवजी सुईविना सिरिंज वापरा, घरातला एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो. ताप ३८.२ अंश सेल्सिअस आहे पण मूल खेळतंय, तर औषधाची घाई नको. आकडा खाली आणण्यासाठी नाही, मुलाला बरं वाटावं म्हणून औषध द्यायचं असतं. जुलाब-उलट्यांत, कांजिण्यांत किंवा डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन देऊ नका. सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही, कारण रेज सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा दुर्मीळ पण जिवावरचा आजार त्याच्याशी जोडलेला आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: अर्धशिशीसाठी गोळी घ्यायचे. आता रोज सकाळी डोकं दुखतच उठते, गोळी घेतली की चार तास बरं. गोळीची ताकद वाढवू का?

ताकद वाढवली तर दुखणं वाढेल. गोळीचा अंमल उतरताना जे दुखतं, त्यासाठी तुम्ही पुढची गोळी घेता आहात. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीची खास औषधं), ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) किंवा कॅफीनसारखं काही मिसळलेल्या जोडगोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की औषधानेच डोकेदुखी होऊ शकते. गोळ्या नव्हे, दिवस मोजा. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस.

साध्या गोळ्या डॉक्टर बहुधा एकदम थांबवायला सांगतात. त्यानंतरचे दोन ते दहा दिवस वाईट जातात, हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर चौथ्या दिवशी हार मानून स्ट्रिप पुन्हा उघडली जाते. ओपिऑइड असलेल्या गोळ्या मात्र हळूहळूच कमी करायच्या असतात. अर्धशिशी रोखणारी रोजची औषधं वेगळी असतात, त्यांच्याबद्दल त्याच भेटीत विचारा. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, मान आखडली, बोबडी वळली किंवा हातपाय लुळे पडले, तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच रुग्णालय.

प्रश्न: जेल लावून गुडघ्याला काही फरक पडत नाही.

किती लावता? वाटाण्याएवढं लावून गुण येत नाही. डायक्लोफिनॅक १ टक्का जेल गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागतं. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर औषध गुडघ्यापर्यंत पोहोचतच नाही. गोळीच्या मानाने त्यातलं साधारण ६ टक्केच औषध रक्तात जातं, म्हणून पोटाला जड नाही, पण शून्यही नाही. मूत्रपिंड नाजूक असेल तर डॉक्टरांना सांगूनच लावा, आणि सोबत त्याच जातीची गोळी नको. जखमेवर लावू नका, वरून घट्ट पट्टी किंवा गरम पिशवी नको. हात धुवायला विसरलात तर पुढच्या वेळी डोळा चोळताना आठवेल. कंबर किंवा खुब्यासारख्या खोल सांध्यांना जेलचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या उरल्या आहेत. भावाची कंबर धरली आहे, त्याला देऊ?

देऊ नका. ट्रॅमाडॉल मेंदूवर काम करतं. काहींचं शरीर त्याचं फार भराभर तीव्र रूपात रूपांतर करतं आणि नेहमीच्या मात्रेतही श्वास मंदावू शकतो. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर हा धोका कैक पटींनी वाढतो. फिट येणाऱ्यांना ते फिट आणू शकतं. नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर अंग थरथरणं, घाम, धडधड आणि सैरभैर होणं असा गंभीर प्रकार उद्भवतो. भाऊ यांपैकी काय काय घेतो हे तुम्हाला नक्की माहीत आहे का?

उरलेल्या गोळ्या औषध दुकानात परत घेत असतील तर द्या. नसतील तर स्ट्रिपमधून काढून मातीत कालवा, पिशवीचं तोंड बांधा आणि मग कचऱ्यात टाका.