शर्टाचं बटण आणि शर्टाला बटण

एका वाचक ताईंनी विचारलंय: "गुंडी हा आपला शब्द असताना बटण कशाला? दिव्याच्या स्विचला बटण म्हणणं चूक नाही का? आणि लिहायचं कसं, बटन की बटण?"

दिव्यापासून सुरुवात करते. चूक अजिबात नाही. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'ढकलणे, रेटणे' असं क्रियापद आहे. पृष्ठभागातून जे बाहेर रेटलं गेलंय, वर आलंय, ते बटण. फ्रेंचमध्ये आजही झाडाची कळी, तोंडावरची पुटकुळी आणि सदऱ्याचं बटण या तिन्हींना एकच शब्द आहे. भिंतीवरचा वर आलेला, बोटाने रेटायचा खटका त्याच कुळातला. मराठीने तर त्याला स्विचपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे नेलं. घरातली वडीलधारी माणसं 'मला आपला बटणाचा फोनच बरा' म्हणतात, तेव्हा कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. निवडणुकीत पूर्वी 'शिक्का मारा' असायचं. 2004च्या लोकसभेला देशभर यंत्रांवर मतदान झालं आणि आता प्रचाराच्या रिक्षातूनही 'बटण दाबा' हेच ऐकू येतं. इथे 'कळ' हा आपला सुंदर शब्द होता. तो कळफलकात टिकलाय, पण बोलण्यातून बराच मागे पडला याची मला हळहळ वाटते.

आता गुंडी. आपले जुने कपडे बहुतेक बांधायचे असत. बाराबंदीचं नावच तिच्या बंदांवरून पडलंय. गुंडी होती ती कापडाची किंवा दोऱ्याची गोल गाठ, आणि ती अडकवायला दोऱ्याचा फास. चार भोकांची चपटी चकती ही वस्तूच वेगळी, ती आपलं नाव घेऊन आली. म्हणून गोल, गाठीसारखी असेल तर मी आजही गुंडी म्हणते आणि चपट्या चकतीला बटण. (विदर्भात मात्र गुंडी म्हटलं की पाण्याचं भांडं डोळ्यांपुढे येतं, तेवढं सांभाळा.)

पण बटण मराठी झालं याची खरी खूण मला आपल्या विभक्तीत दिसते. परवा सकाळी शाळेच्या घाईत भाचा बहिणीसमोर छाती पुढे काढून उभा राहिला. "आई, शर्टाचं बटण लाव." तिने वाकून बटण काजात सरकवलं. लगेच त्याने मनगट पुढे केलं, तिथे नुसता दोरा लोंबत होता. "आणि बाहीला बटण लाव." ती सुई शोधायला उठली. क्रियापद तेच, बटण तेच. पण 'चं' आलं की अडकवायचं आणि 'ला' आलं की शिवायचं. पाच-सहा वर्षांचं पोर हा भेद कधी चुकत नाही आणि त्याला तो कुणी शिकवलेलाही नसतो. 'शर्टाचं बटण बंद कर' असं हल्ली कानावर येतं, ती हिंदीची सावली. मराठीत बटण लावतात आणि काढतात. बंद करायचं ते पंख्याचं.

काज हा शब्द तर माझा फार लाडका. तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटणाच्या भोकाला ते बटणाचं घर म्हणतात. इंग्रजीने त्यात भोक पाहिलं, आपण घर घेतलं. 'काज-बटण करून मिळेल' अशी पाटी शिंप्याच्या दुकानावर दिसली की मला ते आठवतं. खुद्द बटणाचा पोर्तुगीज शब्द कोकणीत 'बुतांव' झाला, बंगालीत 'बोताम'. आपण काज त्यांचं घेतलं आणि बटण इंग्रजांचं.

राहिलं लेखन. इंग्रजीचा न आपल्या तोंडी अनेकदा ण होतो: पलटण, मालगाडीची वाघीण. बटण त्याच ओळीत बसतं आणि चालतंही मराठी रीतीने: ते बटण, ती बटणं, बटणाला. तेव्हा ताई, बिनधास्त 'बटण' लिहा.