आराखडा एकदा तयार झाल्यावर आर्थिक सल्लागाराला दरवर्षी शुल्क का द्यावे?

भुसावळहून आपण विचारले आहे की, सल्लागाराने दोन वर्षांपूर्वी करून दिलेला आराखडा हाती आहे, हप्ते बँकेतून आपोआप जातात, मग आता दरवर्षीचे शुल्क कशासाठी भरायचे? माझे मत असे आहे की, ज्या घरातील उत्पन्न, कर्ज आणि जबाबदाऱ्या बदलत राहतात त्या घराने ते भरावे. आपले घर ओळखणाऱ्या माणसाने तो आराखडा वेळोवेळी घराच्या परिस्थितीशी ताडून पाहावा, यासाठीच ते शुल्क असते.

आमची यावल तालुक्यात केळी आहे आणि पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिचा पगार दरमहा येतो. माझे पैसे मात्र मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) किंवा कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) कापणीला आली की एकदम येतात आणि ज्या वर्षी मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते, त्या वर्षी जवळजवळ येतच नाहीत. जळगावच्या आमच्या सल्लागारांनी सुरुवातीला नेहमीची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची पद्धत, सुचवली होती, पण आमच्या पैशांची ये-जा पाहिल्यावर त्यांनी स्वतःच ती रचना बदलली. आता केळीच्या पैशांतून पुढच्या लागवडीचा आणि घराचा वर्षभराचा खर्च आधी बाजूला निघतो, उरलेली रक्कम लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) जाते आणि तेथून दरमहा थोडी थोडी इक्विटी फंडात (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात) वळते. हाती पैसे आले की पीककर्ज तेव्हाच फेडून मोकळे व्हावे, असे मला वाटत असे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास आपल्या राज्यात व्याजाचा भार राहत नाही, तेव्हा घाई न करता केवळ मुदत सांभाळा, हे त्यांनीच दाखवून दिले. पत्नी १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आल्यामुळे तिला जुने निवृत्तिवेतन लागू नव्हते, म्हणून तिच्या निवृत्तीची तजवीजही त्यांनी वेगळी धरली. पहिल्याच बैठकीत हे सर्व कोणाला उमगेल, असे मला वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारीच्या उच्चांकापासून सुमारे ३८ टक्के खाली आला, तेव्हा सगळे काढून घ्यावे असे आमच्या घरात ठरत आले होते. सल्लागारांनी बाजार कधी सावरेल याविषयी एक शब्दही काढला नाही. थोरल्या मुलीच्या अभियांत्रिकीचे शुल्क पुढच्या वर्षी भरायचे होते आणि ती रक्कम मुदत ठेवीत सुरक्षित आहे, एवढेच त्यांनी आराखडा उघडून आम्हाला दाखवले. बाजारात असलेल्या पैशांची गरज आठ-दहा वर्षे तरी पडणार नव्हती. आम्ही काहीही विकले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्देशांक पूर्वपातळीवर आला, पण तो आला नसता तरी त्यांचा सल्ला योग्यच होता, असे मी आजही मानतो.

नियमही बदलत राहतात. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांवरील (कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या फंडांवरील) नफा, तो कितीही वर्षांनी काढला तरी, आपल्या उत्पन्नात धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून इक्विटीवरील दीर्घकालीन नफ्याचा कर १० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला. आणि नव्या करप्रणालीत विम्याचे हप्ते, पीपीएफ यांवरील, ‘८०सी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नसल्याने केवळ कर वाचवण्यासाठी घेतलेल्या पॉलिसींचा पुन्हा विचार करावा लागतो.

आता विश्वासाविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेली कुटुंबे आपणही पाहिली असतील. तेथेही ओळख होती, विश्वास होता. मात्र बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत मिळणारे ठेव विम्याचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवीला नसते, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून विश्वास ठेवतानाही तपासणी सोडू नये. सल्लागाराची सेबी या शेअर बाजार नियामक संस्थेकडील नोंदणी पाहावी. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, तर ‘एआरएन’ हा म्युच्युअल फंड वितरकाचा क्रमांक असतो आणि वितरकाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. वितरक वाईट असतो असे मुळीच नाही, परंतु त्याला पैसे कोण देतो हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. गुंतवणुकीची रक्कम सल्लागाराच्या खात्यात कधीही भरू नये, कोऱ्या अर्जावर सही करू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. शुल्क टक्केवारीने घेण्याची मुभा असली तरी मी ठरावीक रकमेचा आग्रह धरीन, कारण टक्केवारीवर चालणाऱ्याला, आपण पैसे काढून कर्ज फेडावे किंवा शेत घ्यावे, असे सांगणे जड जाते.

आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) शेतीची कामे जरा थांबलेली असतात, तेव्हा आम्ही वर्षाची बैठक घेतो आणि पत्नी त्या बैठकीला असतेच. सर्व खाती, पॉलिसी आणि नामनिर्देशने तिला माहीत असावीत, अशी सल्लागारांचीच अट होती. आपल्या घरीही हे आवर्जून करावे.

मात्र आपले उत्पन्न केवळ पगाराचे असेल, कर्ज नसेल, मुदतीचा विमा पुरेसा असेल आणि पैसे पीपीएफ व एखाद्या इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणाऱ्या फंडात) जात असतील, तर दरवर्षी शुल्क भरण्याची गरज मला दिसत नाही. अशा वेळी त्याच सल्लागाराला दोन-तीन वर्षांतून एकदा, किंवा घरात लग्न, खरेदी, आजारपण यांसारखे काही घडले तर तेव्हा, एका बैठकीचे शुल्क देऊन भेटता येईल का, हे स्पष्ट विचारावे.